आट्यांची लेन्स घेऊन लोदला

बाबांची जुनी लेन्स कपाटात पडून होती. आई म्हणाली, शेजारच्या सॅमसनकाकांचं ठाण्यातलं लग्न बाबांनी हिच्यातूनच टिपलं होतं. काका-काकूंना इस्रायलला जाऊन तीस वर्षं झाली, आणि दोघांचा एकत्र असा धड फोटो तेवढाच. बाबा गेल्याचं कळवायला फोन केला, तेव्हा काका म्हणाले, "त्याच लेन्सनं आमचा आणखी एक काढ रे." झालं, मी तिकीट काढलं.

अडचण एकच. लेन्स आट्यांची, फिरवून बसवायची. माझा सेकंडहँड फिल्म कॅमेरा खटक्याचा. मध्ये अ‍ॅडॅप्टर रिंग हवी. तेल अविवच्या एका जुन्या दुकानात ती चाळीस शेकेलला मिळाली, आणि मी खूश!

दुसऱ्या दिवशी बसनं यरुशलेमला गेलो. तासाभराचा चढाचा रस्ता आहे, खिडकी सोडू नका. टेकडीवरून जुनं शहर समोर आलं, फोकस टोकापर्यंत फिरवला, तरी सगळं धूसर. रिंगला बाहेरून कड होती आणि तिच्या जाडीनं लेन्स किंचित पुढे सरकली होती. रिंग घेताना बिनकडेची मागा. मी स्वतःवर इतका चिडलो की फलाफलही गोड लागेना.

शुक्रवारी दुपारी काकांच्या गावी, लोदला पोचलो. त्या दिवशी बस लवकर बंद होतात, तेव्हा सकाळीच निघा. माझा बेत असा, की शनिवारी सुट्टी, सकाळच्या उजेडात निवांत फोटो काढायचा आणि संध्याकाळी विमान धरायचं. तो ऐकताच काका उखडले.

"शब्बाथला कॅमेऱ्याला हात लावायचा नाय, पोरा! तुझ्या बापाला ठाऊक होतं ते."

काकूंनी मेणबत्त्या लावल्या की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस सुरू, आणि त्याला जेमतेम अर्धा तास होता. त्यात मी रिंगचं रडगाणं सुरू केलं. विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेलेल्या काकांनी रिंगची कड अंगठ्यानं चाचपली.

"जवळचं साफ दिसतं ना?"

"जवळचं दिसतं. लांबचं नाही."

"मग लांबचं कशाला बघतोस? आम्ही हितं बसलोय."

काकू मात्र स्वयंपाकघरातून हलेनात. "माझा भात व्हायचाय!" शेवटी नातीनं "सावता, बोई!" अशी आजीला हिब्रूत हाक मारली, तेव्हा त्या पदराला हात पुसत, काकांवर करवादत खिडकीशी येऊन बसल्या. मी तीनदा बटण दाबलं. मग काकूंनी डोकं झाकून मेणबत्त्या लावल्या आणि मी कॅमेरा पिशवीत घातला.

ठाण्यात रोल धुतला. दोन फोटो हललेले. तिसऱ्यात घाईनं लेन्सचं छिद्र पूर्ण उघडंच राहिलेलं, अशानं एकाच अंतरावरचं साफ येतं, त्यामुळे काकू लख्ख आणि पुढे झुकलेले काका धूसर. वर ते कॅमेऱ्याकडे बघतही नव्हते. एवढ्या लांब जाऊन एक काम धड झालं नाही, म्हणून मला खरंच रडू आलं. माफीची चिठ्ठी जोडून फोटो पाठवला.

पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला. "माफी कसली मागतोस? धुरकट का असेनात, हे बघतायत कुणाकडे ते बघ. चाळीस वर्षांत तोंडानं कधी बोलले नाय ते."