ग्रँड नदीचे पुस्तक

"गिंगरिचांच्या सलोमेला राग येत नाही," असे आमच्या गावात म्हणत. "तिचा कोंबडासुद्धा दबक्या आवाजात आरवतो," अशी पुस्ती मेट्झगरांची आयडा जोडी, आणि बायका हसत.

कॅनडातल्या ओंटारिओत, ग्रँड नदीकाठच्या आम्हा मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत ही स्तुतीच होती. शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, कोर्टाची पायरी चढायची नाही, हे आम्ही पाळण्यात शिकलेलो. आवाज चढवायचा नाही, हे कुणी न सांगताच कळे.

सलोमे प्रार्थनाघराचे छोटे ग्रंथालय सांभाळी आणि रविवारी मुलांना शांततेचे धडे देई. त्या वसंतात या धड्यांसाठी शांतता आणि मानवी हक्कांवरची नवी पुस्तके आली. युद्धातून पळालेल्या मुलांची, गुलामगिरीची, मताधिकाराच्या लढ्याची, अशी बाकीची सगळी सर्वांना आवडली. एक मात्र आमच्याच नदीबद्दल होते. दोन्ही तीरांची जमीन इंग्रज राजवटीने इथल्या सहा आदिवासी राष्ट्रांना कायमची म्हणून दिली होती. ती त्यांच्या हातून कशी निसटली आणि तिच्यावर आमची शेते कशी उभी राहिली, हे त्यात नकाशांसह मांडले होते.

आठवडा सरण्याआधी मेट्झगरांच्या नातवाने जेवताना विचारले, "आजोबा, आपलं शेत आधी कुणाचं होतं?" आजोबा, म्हणजे आयडाचे यजमान ऑर्व्हिल, प्रार्थनाघरातल्या आमच्या मंडळीचे डीकन, तिचा कारभार पाहणारे. त्यांनी ते पुस्तक ग्रंथालयातून उचलले आणि आपल्या कपाटात कुलूपबंद केले.

"मुलांना शांतता शिकवायची, सलोमे. भांडण नव्हे," ते म्हणाले.

"भांडण कुठं आहे त्यात?"

"वाचलं की सुरू होतं."

"मग परदेशांची पुस्तकं कशी चालतात तुम्हाला?"

"तिथं आपली शेतं नाहीत," ऑर्व्हिल बोलून गेले, आणि त्यांचे कान लाल झाले.

त्यानंतर तिने पुन्हा पुन्हा पुस्तक मागितले. "बघू" यापलीकडे उत्तर आले नाही.

आमच्याकडे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, येशूच्या स्मरणार्थ मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचे पवित्र भोजन असते, आणि त्याआधीच्या रविवारी डीकन बाकामागून बाक फिरत प्रत्येकाला विचारतात: देवाशी आणि मंडळीशी तुझी शांती आहे ना? एकानेही नाही म्हटले, तर ते मिटेपर्यंत भोजन होत नाही. पण नाही कुणी म्हणत नसे. बांधावरून अबोला धरलेले भाऊही "शांती आहे" म्हणून मोकळे होत. गप्प राहणे म्हणजेच शांती, अशी आमची पिढ्यांची समजूत होती.

त्या वसंतातल्या अशा रविवारी सलोमेशेजारी तिची आई एडना उशीला टेकून बसली होती. शरदातले भोजन तिला लाभणार नाही, असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते. एकेक "शांती आहे" जवळ येऊ लागले. सलोमेने पुढच्या बाकाची कड घट्ट धरली होती.

"आटप लवकर," आई कुजबुजली. "पाठ मोडतेय माझी."

ऑर्व्हिल समोर येऊन उभे राहिले. "सलोमे?"

ती उठली. "शांती नाही."

कुठेतरी बाक करकरले.

"पुन्हा विचारतो," ऑर्व्हिल हळू म्हणाले. "विचार करून सांग, बाई. तुझी आई बसलीय इथं."

सलोमेने वळून पाहिले. एडनाने पाठीमागची उशी सावरली.

"माझ्याकडे काय बघतेस?" ती म्हणाली. "तुला विचारलंय."

"नाही," सलोमे म्हणाली. आवाज नेहमीइतकाच खाली होता, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

पुढे बसलेल्या, मंडळीचे प्रमुख असलेल्या बिशपांनी समोरचा ग्रंथ मिटला. भोजन पुढे ढकलल्याचे सांगताना ते कुणाकडेही पाहत नव्हते.

बाहेर कुणी सलोमेशी बोलले नाही. आयडाने एडनासाठी गाडीचे दार उघडून धरले, मान मात्र दुसरीकडे वळवली. ऑर्व्हिलनी पायऱ्यांवरच वाट अडवली.

"शांतता शिकवणारी तू. आणि सगळ्या मंडळीला भोजनावाचून ठेवलंस, आईलासुद्धा. झालं समाधान?"

आईला आधार देत एक पायरी उतरून सलोमे म्हणाली, "नाही झालं. पुस्तक फळीवर ठेवा, ऑर्व्हिलभाऊ, मग विचारा."