नाकवाल्या मिस्त्रींचं निदान

आमच्या ह्यांना सगळे नाकवाले मिस्त्री म्हणतात. नाक तसं बेताचंच आहे, पण तोरा केवढा. जुनी गाडी दारात आली की हे बॉनेट उघडत नाहीत. इंजिन चालू ठेवायला सांगतात, मागे जाऊन सायलेन्सरजवळ उकिडवे बसतात, डोळे मिटतात आणि हुंगतात. मग उठून, गुडघे झटकून निकाल देतात. "ऑइल जळतंय." "पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय." गिऱ्हाईक पाया पडायचंच बाकी असतं. प्लग काढून त्याचा रंग बघणारे मिस्त्री म्हणजे ह्यांच्या मते नुसते पानेवाले. तीस वर्षं मी ह्या नाकाबरोबर संसार केलाय, आणि खरं सांगायचं तर पूर्वी निदान चुकतही नसे. म्हणून तर इतके चढून बसले.

माझी धाकटी नणंद नर्स आहे. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या जखमा बांधते. गाडी तिची कार्बोरेटरच्या जमान्यातली. यंदा ती धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाली तर रस्त्यावर आणायची नाही, आणि गाडी नसेल तर फिरतीचं काम दुसऱ्या कुणाला देऊ, असं तिच्या साहेबांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. दोन्ही वेळा गाडी आमच्या ह्यांच्याच हातून गेली होती. पहिल्यांदा ह्यांनी पेट्रोलला दोष दिला, दुसऱ्यांदा तपासणीच्या यंत्राला. आपलं काही चुकलं असेल, असा विचार ह्यांच्या मनाला शिवत नाही. लग्नाआधीपासून तसंच आहे म्हणे, सासूबाई सांगायच्या.

तिसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी ह्यांचा चष्मा घरी राहिला म्हणून मी दुपारी गॅरेजवर गेले. नणंद आलेली होती, तिची गाडी चालू होती आणि मागून काळा धूर येत होता. शेडमध्ये पाय ठेवल्याबरोबर माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. कच्च्या पेट्रोलचा असा भपकारा की पदर नाकाला लावला. आणि आमचे हे त्या धुरात डोळे मिटून बसलेले.

"हवा-पेट्रोलचं मिक्श्चर अगदी बरोबर आहे," हे उठत तिला म्हणाले. "वास कसा स्वच्छ येतोय. तूच ॲक्सिलरेटर उगाच दाबतेस. चालवायची पद्धत बदल, पास होईल."

नणंदेने किल्ली गाडीलाच राहू दिली. सकाळी येते म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून चालत निघून गेली. तिला अजून चार घरं करायची होती.

स्वच्छ? माझ्या घशात आग पडली होती. मी इंजिन बंद करायला लावलं. फळीवरच्या दोन वाट्या घेतल्या, एकीत पेट्रोल ओतलं, दुसरीत माठातलं पाणी, आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. "डोळे मिटा. पेट्रोल कुठलं ते सांगा."

"हा काय पोरखेळ लावलायस?"

"पोरखेळच आहे. सांगा की मग."

ह्यांनी दोन्ही वाट्या हुंगल्या, अगदी नेहमीच्या ऐटीत. आणि पाण्यावर बोट ठेवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो ताप आला होता ना. त्यानंतर." हे खाली बघून बोलत होते. "दोन वर्षं झाली."

दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षं हा माणूस लोकांच्या गाड्यांमागे बसून डोळे मिटत होता आणि तोंडाला येईल ते सांगत होता. जमलं तर नाकाचं नाव, नाही जमलं तर गाडीच खटारा. मला असा संताप आला की वाट्या तिथेच आपटल्या. म्हटलं, "सख्ख्या बहिणीची नोकरी जाईल, पण तुमचं नाक खाली व्हायला नको, असंच ना? आत्ता बॉनेट उघडा. नाहीतर मी निघाले तिला सांगायला."

उघडलं. पहिला प्लग निघाला तो काजळीने काळाकुट्ट. आंधळ्यालाही कळलं असतं, नाक कशाला हवं होतं. मग एअर फिल्टरचं झाकण काढलं, तर आतली चोकची पत्ती बंद. गार इंजिन चालू होताना तेवढ्यापुरती हवा अडवायची आणि मग उघडायची, हे तिचं काम. तिची स्प्रिंग तुटली होती, त्यामुळे ती दिवसभर बंदच राहायची आणि इंजिन हवेवाचून नुसतं पेट्रोल ढोसत होतं. ह्यांनी स्प्रिंग बदलली, प्लग घासले. मग मिक्श्चरचा स्क्रू फिरवायला हे पुढे, आणि मागे सायलेन्सरजवळ उकिडवी मी.

"आता?"

"कमी झालाय."

"कमी म्हणजे किती? नीट सांग ना."

"डोळे झोंबत नाहीत. तुमचा राग येतोय तेवढाच."

घरी जाऊन दोनदा डोकं धुतलं, तरी केसांचा वास जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंदेचा फोन आला. गाडी पास झाली होती. आणि ह्यांनी काय बोलावं? "अगं, वास घेतला की कळतंच आपल्याला." माझ्यासमोर. माझं डोकंच फिरलं. फोन ओढून घेतला आणि म्हटलं, "तुझ्या दादाला दोन वर्षं कसला म्हणून वास येत नाही. काल धूर हुंगला तो मी."

 मग ती म्हणाली, "मला माहीत आहे, वहिनी. तापानंतर मीच त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती त्याने. तुलासुद्धा."

"आणि तरी तीनदा गाडी इथेच आणलीस? नोकरी गेली असती ना बाई तुझी."

"दुसरीकडे नेली असती तर लोक म्हणाले असते, बहिणीचाही भरवसा उरला नाही. मग त्याच्या दारात कोण आलं असतं?"

हे शेजारीच उभे होते, त्यांना शब्दन् शब्द ऐकू गेला. ती नोकरी पणाला लावून बसली होती, आणि हे तिला गाडी कशी चालवायची ते शिकवत होते. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "बोला आता तिच्याशी." फोन कानाला लावून हे म्हणाले, "पुढच्या वेळी आधी बॉनेट उघडीन."