पांढऱ्या घाटातली उलाळ गाडी

पुण्यातून निघताना ताईचा फोन आला, तेव्हा मी गाडीचं कापडी छत खाली घेत होतो.

"एसटीनं ये," ती म्हणाली. "त्या फतकल मारून बसलेल्या गाडीत येऊ नको. आज सोनीचं लग्न हाय, मामाची वाट बघत बसायला लावू नको आमाला."

मी "बरं" म्हणालो आणि किल्ली फिरवली. माझी गाडी जुनी आहे, लाल आहे, आत दोनच माणसं मावतात आणि ती जमिनीपासून इतकी खाली आहे की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसायचं. इंजिन पुढे, पण सगळा जोर मागच्या चाकांवर. टायर गुळगुळीत, कोरड्या तापलेल्या डांबरावर पळण्यासाठी बनवलेले. पन्नाशी उलटल्यावर माणसाने असली गाडी का घ्यावी, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. मला ती आवडते, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

आदल्या दिवशीच तिसगावला पोचायचं ठरलं होतं. पण माझ्या भाचीचं, सोनालीचं, पिवळं माझ्याकडे होतं. पिवळं (लग्न लागताना नवरी नेसते ती पिवळी साडी, ती मामाकडूनच यायची असते) तयार होतं, त्यावरचं ब्लाऊज मात्र शिंप्याने आज-उद्या करत लग्नाच्या सकाळी हातात ठेवलं. मुहूर्त गोरज होता, म्हणजे सांजवेळचा. दिवस हाताशी होता. मी पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला आणि निघालो.

मार्चचं ऊन होतं, पण वारा छान होता. शिरूर सुटलं आणि उघड्या गाडीत मी मोठ्यांदा गायला लागलो. ट्रकवाले वरून वाकून बघत. सुप्याला चहाला थांबलो, तर चहावाल्याने गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "सायेब, हिला गतिरोधक कसा चढवता?"

"तिरका," मी म्हणालो. "आधी एक चाक, मग दुसरं."

"म्हंजी खेकड्यावानी," तो म्हणाला, आणि अख्खं टेबल हसलं. मीही हसलो. त्याचं बरोबरच होतं. नगरपर्यंत मी प्रत्येक गतिरोधक तसाच ओलांडला.

नगरबाहेरच्या ढाब्यावर बाजरीची भाकरी, खर्डा आणि पिठलं खाल्लं. हातावर पाणी घेताना वर पाहिलं, तर पूर्वेकडचं आभाळ हळदीसारखं पिवळं झालं होतं. ढाब्याचा मालक म्हणाला, "घाटाकडं काय तरी शिजतंय." मी घड्याळ पाहिलं. वेळ भरपूर होता. तरी छत वर ओढून घेतलं आणि करंजी घाटाच्या दिशेला लागलो.

घाट लागण्याआधीच्या चढावर ते आलं. आधी वाऱ्याचा एक झोत, मग टपरीवर खडे मारावेत तसा आवाज. गारा! चिंचोक्याएवढ्या होत्या, बघता बघता आवळ्याएवढ्या झाल्या. गाडी कडेला घेऊन मी आत अंग चोरून बसलो. कापडाच्या छतावर असा मार बसत होता की मला माझंच डोकं बडवल्यासारखं वाटत होतं. छताला एका ठिकाणी भोक पडलं आणि एक गार सरळ मांडीवर आली. मी ती उचलून तोंडात टाकली. लहानपणी बेलापूरला मी आणि ताई अंगणातल्या गारा वेचून खायचो, तीच चव होती.

आली तशी ती थांबली. ऊन पडलं. मी बाहेर उतरलो आणि बघतच राहिलो. रस्ता नव्हताच. डोंगर, कठडे, बाभळी, सगळं पांढरं, आणि रस्त्यावर कुणी पोत्याने साबुदाणा ओतलाय असा गारांचा थर. मी आयुष्यात बर्फ पाहिलेलं नाही. हे एवढं मला पुष्कळ होतं. आनंदाने मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

मग गाडी सुरू केली, आणि आनंद जरा कमी झाला. मागची चाकं गर्रकन फिरली, बूड डावीकडे सरकलं, मी स्टिअरिंग फिरवत राहिलो आणि गाडी फार सावकाश, अगदी आदबीने, उलट दिशेला तोंड करून थांबली. तिने परत पुण्याला जायचं ठरवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. सोनाली.

"मामा, कुठं आहेस?"

"घाटाच्या तोंडाशी. गारा पडल्यात."

"इकडं थेंब नाही. ऐक, दत्तूमामा फेटा बांधून तयार बसलाय. आई म्हणतीय, तुला उशीर झाला तर त्यालाच मागं उभं करू, साडी कुणाची तरी नेसवू. मी सांगितलंय, माझा मामा आल्याशिवाय मी खोलीच्या बाहेर पाय टाकणार नाही. मामा, तू ये. कसाही ये."

दत्तू माझा चुलतभाऊ. माणूस चांगला, पण कुठल्याही लग्नात मामा व्हायला कायम एका पायावर तयार. आमच्याकडे लग्न लागताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. सोनाली लहान असताना सुट्टीत माझ्याकडे यायची, आणि "माझ्या लग्नात तूच ना?" असं दर वेळी विचारायची. दर वेळी मी हो म्हणालो होतो.

गाडी हलकी करावी म्हणून मी डिकीतली बॅग, स्टेपनी, हत्यारं सगळं काढून कडेला ठेवायला लागलो. थोडं पुढे एक ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या ट्रॉलीत एका ऊसतोड कुटुंबाचा संसार भरला होता: पत्रे, हंडे, गोधड्या आणि आधीच गावी पोचवलेल्या बैलांसाठी वाढं (उसाचे हिरवे शेंडे). श्रीगोंद्याकडचा हंगाम संपवून ते पाथर्डीकडे गावी निघाले होते. ट्रॉलीखालून तिघं बाहेर आली: ट्रॅक्टर चालवणारा आसाराम, त्याची आई कौसाबाई आणि बायको चंद्रकला.

"मावशी, पिकांचं काय झालं असेल हो?" मी आधी तेच विचारलं.

"फोन लावला हुता की," कौसाबाई म्हणाल्या. "डोंगरावरच पडल्यात गारा. खाली येक न्हाई. देवच पावला म्हनायचा. तुमचं काय झालं, भाऊ?"

मी सांगितलं: भाची, पिवळं, गोरज मुहूर्त, दत्तू. ऐकता ऐकता कौसाबाईंनी पदर खोचला. "पोरगी खोलीत बसलीय? आन् आमी हितं बघत ऱ्हायचं? आसाराम, धर रं गाडी!"

आम्ही चौघांनी मिळून गाडी फिरवून सरळ केली. आसारामने चाकांकडे निरखून पाहिलं. "सायेब, मागून सरकती, म्हंजी उलाळ झालीय." उलाळ म्हणजे मागे भार जास्त झालेली बैलगाडी, तिचं जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. जन्मभर बैलगाडीत ऊस भरणारी ही माणसं. भार पुढे हवा, हे त्यांच्या हाडात बसलेलं. कौसाबाई लगेच बॉनेटवर चढून बसल्या, शेजारी चंद्रकला. आसाराम मागून ढकलू लागला. मी हलक्या पायाने गाडी रेटली.

मागची चाकं अशी फिरली की गारांचा फवारा थेट आसारामच्या तोंडावर. गाडी इंचभर हलली नाही. चंद्रकला हसून हसून बॉनेटवरून खाली घसरली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो मावशी, हिला बैल पुढे नाहीतच! हिची मागची चाकं ढकलतात. भार मागेच हवा. मीसुद्धा डिकी रिकामी करत बसलोय बघा!"

कौसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी उलाळ पायजे व्हय हिला? आमी जलमभर गाडी उलाळ हू नये म्हनून मरतोय, आन् ही बया उलाळल्याबिगर चालत न्हाई?" आणि त्या अशा हसल्या की त्यांना कठड्याला धरावं लागलं. "चल गं चंदे, करू हिला उलाळ!"

सगळं सामान परत डिकीत गेलं. वर आसारामने जोंधळ्याचं एक पोतं ठेवलं. फाटकं छत खाली घेतलं आणि दोघी मागच्या बाजूला, डिकीच्या झाकणावर, पाय आत सोडून बसल्या. पिवळ्याची पिशवी कौसाबाईंच्या मांडीवर. आसारामने ट्रॉलीतलं वाढं आणून चाकांपुढे अंथरलं.

"बैलं शिव्या देतील मला," तो म्हणाला, पण अंथरत राहिला.

मी श्वास रोखून क्लच सोडला. मागची चाकं वाढ्यावर करकरली, जरा डुलली आणि गाडी निघाली! आसाराम पुढे पळत वाढं टाकतोय, मी त्यावरून चाललोय, मागून दोघींचा ओरडा, "चालली, चालली!" तो चढ आम्ही असा चढलो. एवढा आनंद मला या गाडीने मोकळ्या हमरस्त्यावरही कधी दिला नव्हता.

माथ्यावर मी थांबलो. "मावशी, आता उतरा. पुढे उतार आहे, भीती वाटेल."

"उतारावर तर भार आजून लागंल," कौसाबाई म्हणाल्या. "आन् साडी माझ्या मांडीवर हाय. मी तिसगावालाच उतरनार."

ट्रॅक्टर घेऊन मागून येतो, असं आसारामने सांगितलं. मी पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, माणूस चालेल त्या चालीने घाट उतरू लागलो. एका वळणावर मागचं बूड दरीकडे बघायला निघालं. मी पाय उचलला, चाक त्याच बाजूला हळूच वळवलं. दोघींच्या वजनाने ते बूड पुन्हा जागेवर बसलं. नेमक्या त्याच वेळी कौसाबाईंनी लग्नातलं गाणं धरलं. त्यांना काही कळलं नाही की मला धीर द्यायला धरलं, ते मी विचारलं नाही.

करंजीच्या अलीकडे पांढरा पट्टा एकदम संपला. पुढे काळा, कोरडा, तापलेला रस्ता. चंद्रकला पुढच्या सीटवर आली, कौसाबाई मात्र मागच्या बैठकीवरून हलेनात. मग काय, सायकलच्या वेगाने आम्ही निघालो. करंजीत लोक दुकानांतून बाहेर आले. कौसाबाई त्यांना हात दाखवत होत्या.

तिसगावात शिरलो तेव्हा सूर्य टेकत होता आणि लाऊडस्पीकरवर आवाज चालू होता, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मंडपात यावे, नवरीच्या मामांनी..." मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. मंडपाच्या दारात दत्तू फेटा बांधून उभा होता. गाडी, तिच्यावरच्या कौसाबाई आणि माझं भिजलेलं ध्यान बघून त्याचं तोंड पडलं, मग त्याने फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "घे, तुझाच हाय. जरा सैल हुईल," तो म्हणाला आणि अंतरपाट धरायला पळाला.

ताई दारातच होती. तिने छताचं भोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

बँडवाल्यांनी आधीचीच गाणी पुन्हा वाजवली, तोवर सोनाली पिवळं नेसून आली. "मामा, मी बसूनच राहणार होते," ती म्हणाली. मंगलाष्टकं सुरू झाली. मी तिच्या पाठीशी उभा राहिलो आणि भर मंडपात ढसाढसा रडलो. पलीकडे बायकांमध्ये कौसाबाई माझ्याहून जोरात रडत होत्या.

ट्रॅक्टर आल्यावर आसारामसकट सगळे पंगतीला बसले. पुरी, वांग्याची रस्साभाजी, बुंदी. बुंदी वाढायला मी स्वतः उतरलो. जाताना मी जोंधळ्याचं पोतं त्यांच्या ट्रॉलीत परत ठेवलं; ताईने कौसाबाईंची आणि चंद्रकलाची ओटी भरली आणि बैलांसाठी कडब्याच्या पेंढ्या ट्रॉलीत टाकायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो, तर डिकीचं झाकण लागेना. आत बाजरीचं गच्च भरलेलं पोतं होतं.

"ताई, हे कशाला? मी एकटा माणूस, एवढी बाजरी कोण खाणार?"

"खाऊ नको," ती म्हणाली आणि झाकणावर दोन्ही हातांनी दाब देऊन ते लावलं. "मागं भार असू दे. घाट हाय."

घाटात एक गार शिल्लक नव्हती. उन्हाने रस्ता कोरडा ठाक झाला होता आणि चढावर आमचं वाढं चपटं होऊन डांबराला चिकटलेलं होतं. आता पोत्याची काहीच गरज नव्हती, तरी मी ते पुण्यापर्यंत डिकीतच ठेवलं. ते अजून तिथेच आहे. गाडी जरा उलाळ चालते, पण वळणावर तिचं बूड जागचं हलत नाही.