विलायती सिगार आणि माझा चुना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच – तिच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची गोष्ट, सांगणार कशी? तुम्ही ना तिच्या माहेरचे, ना माझ्या गिऱ्हाइकांतले. म्हणून तोंड उघडतोय.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. बदनापूरला स्टेशनाजवळ माझं तंबाखूचं दुकान. तंबाखूचं पान चुन्याशी तळहातावर मळायचं, वास घ्यायचा, चिमूट दाढेत धरायची आणि माल कसा ते सांगायचं – यात माझा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

एका धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना केदारखेड्याला जेवायला बोलावलं. दुसरा जावई म्हणजे माझा साडू, वामनराव. हैदराबादेत एका जागीरदाराच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, कारकून. किडकिडीत, बोलायला गरीब. पंगतीत सासरे गप्पा मारायचे माझ्याशी, त्याच्याकडे नुसती तुपाची वाटी सरकवायचे. मला ते – खोटं कशाला बोलू? – आवडायचं.

त्या दिवशी मात्र जेवणं झाल्यावर वामनरावानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून कागद, कागदातून एक जाड, काळपट कांडी. कमरेला सोनेरी पट्टा. विलायती सिगार! जागीरदारसाहेबांनी स्वतःच्या पेटीतून, स्वतःच्या हातानं दिलेली. स्वतः न ओढता त्यानं ती सासऱ्यांसाठी जपून आणली होती. आणि सासरे पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बसले. म्हणाले, "वामनराव, जरा इकडं सरका की."

मी उगाच चंची उघडली आणि परत बांधली.

मग त्यांनी सिगार माझ्या हातात ठेवली. "जावईबापू, तुमी पारखी. सांगा बरं, कसा हाय माल?"

आता गंमत बघा. मी जन्मात सिगार पाहिली नव्हती. कुठलं टोक तोंडात, कुठलं विस्तवाला – देव जाणे. पण सगळं घर बघतंय, दाराआडून बायकाही. पारख्यानं विचारायचं कुणाला? मी चंचीतून चुना काढला, सिगारचं टोक मोडलं, तळहातावर चांगलं मळलं, टाळी मारून भुकटी उडवली आणि बार भरला.

वामनराव "अहो–" एवढंच म्हणाला. बहुधा त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

कानशिलं तापली. उचकी लागली. छप्पर एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे. मी खांब धरून उभा राहिलो, अंगणात पिंक टाकली आणि म्हणालो, "नकली हाय. बिलकुल नकली. पट्टा तेवढा विलायती."

सासरे हसले, मग सगळेच हसले. उरलेली सिगार बैलांच्या गोचिडांसाठी पाण्यात उकळली गेली. गोचीड एकूण एक गळून पडले – त्यांना तरी मालाची किंमत कळली. वामनराव निघायला उठला होता, त्याला आपली एक वहाण सापडेना.

एवढंच असतं तर काय, अडाणीपणा होता म्हणून मीही हसलो असतो. पण मी मघापासून ज्याच्याभोवती घुटमळतोय ते वेगळंच आहे. मला कळलं होतं. टोक मोडलं तेव्हाच, चुना लागायच्या आधी, वास आला – गुळाच्या कढईचा, जुन्या सागाच्या पेटीचा. असं पान माझ्या हाताखालून कधी गेलं नव्हतं, पुढंही गेलं नाही. माल अस्सल होता. ते कळूनच मी नकली म्हणालो.

काही महिन्यांनी वामनराव गाडीतून उतरून दुकानात आला. बरोबर ट्रंक होती. नोकरी सोडून आलेला.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "इतकी सालं साहेबांचं काम इमानानं केलं. अन् त्यांनी मला नकली माल दिला. म्हंजे ते मला तेवढंच समजून राह्यले होते ना? मंग माझं मनच न्हाई लागलं तिथं."

एक वाक्य पुरलं असतं. नाही का? मी म्हणालो, "मोठ्या लोकांचं असंच असतंय," आणि दुकानातली सगळ्यात चांगली तंबाखू त्याच्यासाठी मळायला घेतली.

त्यानं ती दाढेत धरली, डोळे मिटले. "याला म्हंतेत अस्सल," तो म्हणाला.

मी मान डोलावली.