क्लॉक नसलेलं सर्किट आणि माझी घाई

मागच्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती पेपरात छापून आली, म्हणून इथेही सगळ्यांसमोर सांगतो...

मेहकर भागातल्या एका कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं. पाचला बातमी पाठवायची, आणि वैष्णवी नावाच्या विद्यार्थिनीच्या टेबलापाशी पोचेपर्यंत साडेचार वाजले. मातीतली ओल बघून पिकाला पाणी कधी द्यायचं ते सांगणारं सर्किट होतं तिचं.

"क्लॉक कुठाय?" मी विचारलं. बीएस्सीला शिकलेलं तेवढंच आठवत होतं... डिजिटल सर्किटचे सगळे भाग क्लॉकच्या ठोक्यावर चालतात. "यात क्लॉक नाही सर, कारण..." ती सांगू लागली आणि मी पुढच्या टेबलाकडे निघालो.

बातमीत एक गमतीची ओळ टाकली. 'जानेफळची एक विद्यार्थिनी तर सर्किटला क्लॉक बसवायलाच विसरली!'

दोन दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. "काऊन हो साहेब, पोरगी चार महिने राबली अन् तुमी तिले येडी ठरवली? आता प्रोजेक्टच सोडाचा म्हनते."

दुसऱ्या दिवशी जानेफळला गेलो. मैत्रिणी तिला "काऊन वं, किती वाजले?" म्हणून चिडवतात, हे तिच्या आईने चहा देताना सांगितलं. मला मान वर करवेना.

वैष्णवीने मात्र शांतपणे समजावलं. क्लॉक असला की सगळ्यात हळू भागासाठी बाकीच्यांना थांबावं लागतं. काम नसलं तरी त्याचे ठोके चालूच, बॅटरी खात...

"स्लॅब टाकताना हातोहात घमेले देतात ना सर, तसे याचे भाग एकमेकाले माहिती देतात. समोरच्याचे हात रिकामे झाले की द्याचं. शिट्टी वाजवाले कोनी लागत नाही." काम नसेल तेव्हा सर्किट गप्प बसतं, म्हणून शेतात बॅटरी जास्त दिवस पुरते.

"पन समोरच्यानं 'घेतलं' म्हटल्याबिगर मागचा हलत नाही," ती सहज म्हणाली. मी तर तिचं वाक्यही पुरं होऊ दिलं नव्हतं...

तिथेच बसून खुलासा लिहिला. पाच वाजत आले होते, तरी आधी तिला वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "हाव सर, आता बरोबर हाय. पाठवा."

प्रोजेक्ट तिने सोडलेला नाही. माझा खुलासा दहा मिनिटं उशिरा गेला... इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या दहा मिनिटांसाठी तिचे आभार.