व्याह्यांची गस्त

२०२२ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि माझ्यापेक्षा हट्टी माणूस सोलापूर जिल्ह्यात नाही अशी तोवर माझी समजूत होती. ती आमच्या व्याह्यांनी खुर्चीवरून न उठता मोडून काढली. अख्खा अरबी समुद्र राखायची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे असं मानणारा दुसरा माणूस मी बघितला नाही. आणि हा माणूस राहायला कुठं, तर जुळे सोलापुरात, जिथं नळाला पाणी चार दिवसांनी येतं.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे, शोभाचे सासरे. जन्मभर सरकारी मोजणीदार. साखळ्या ओढत मंद्रूप ते मोहोळ सगळी शिवारं तुडवलेली, पण समुद्र प्रत्यक्षात एकदाच बघितलेला, तोही गुडघ्यापर्यंत. पेन्शनीत बसल्यावर मुलानं, म्हणजे आमच्या जावयानं, त्यांना कॉम्प्युटर आणून दिला आणि पुढ्यात विमान हाकायचा दांडा बसवून दिला. जावई मालवाहू जहाजावर इंजिनाकडं कामाला. घरात सासरा आणि सून दोघंच, बापाला करमावं एवढाच त्याचा हेतू. त्या कॉम्प्युटरात म्हणे शंभर तऱ्हेची विमानं होती. दुसरा कुणी असता तर त्यानं लढाऊ विमान घेऊन ढगात कोलांट्या मारल्या असत्या. यांनी निवडलं समुद्रावर गस्त घालणारं. चार पंख्यांचं, जाडजूड, शेपटीला मागं लांब काठी. ती काठी पाण्याखालची पाणबुडी हुंगून काढते, असं मला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आपली म्हैस दाखवावी तसं. या विमानाला कुठं पोचायचं नसतं. पाण्याच्या जवळ उतरायचं आणि औत धरल्यासारखं जायचं, वळायचं, यायचं, पुन्हा वळायचं. असे चार तास.

कुणी गेम म्हटलं की व्याह्यांचा चेहरा उतरायचा. "गेम पोरं खेळत्यात पाव्हणं. ही गस्त हाय." सकाळी नवाच्या ठोक्याला अंगात जुना खाकी शर्ट चढवून ते गोव्याहून उडायचे आणि एकला परत टेकायचे. मधल्या वेळात फोन आला तर, "हवेत हाय, उतरलो की बोलतो," एवढंच. एकदा गॅसवाला दारात सिलिंडर घेऊन ताटकळला, तर आतून आवाज, "थांबा की जरा, वळणावर हाय." एक पाहुणे लग्नाची पत्रिका घेऊन आले, त्यांना उजव्या बाजूला बसवून दीड तास पाण्यावर नजर ठेवायला लावली. ते लग्नाची तारीख न सांगताच गेले.

मोजणीची सवय हाडात गेलेली. त्यांनी समुद्राचेही गट पाडले होते. "आज गट नंबर चौदा," म्हणायचे. मी खोचून विचारलं, "उताऱ्यावर नाव कुणाचं?" तर म्हणाले, "कुणाचंच न्हाय. म्हणून तर हितं बांध कोरणारा कुणी न्हाय." उतरल्यावर वहीत रोज एकच ओळ लिहायचे, 'काही दिसलं नाही.' मी म्हणालो, "चार तास हिंडून ह्येच का?" ते म्हणाले, "न्हाय दिसलं म्हंजी कुणी बुडालं न्हाय की."

मी तिसरी शिकलेला. चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो. माग बंद पडला की कुठं काय अडलंय ते आवाजावरून सांगायचो, शिकलेले मालक बघत राहायचे. त्यामुळं एकदा पडद्यावर डावीकडचा कडेचा पंखा थांबलेला दिसला तेव्हा मला राहवलं नाही. "पाव्हणं, एक इंजिन गेलं तुमचं." व्याही शांत. "गेलं न्हाय, मीच निजवलंय. गस्तीत एक निजवायचं, तेल वाचतंय, जास्त वेळ थांबता येतंय." खरोखरीच्या विमानातही असंच करतात म्हणे. मला ते पटलं नाही. चालू कारखान्यात एक माग मुद्दाम बंद ठेवलेला मी जन्मात बघितला नव्हता. रोज तो थांबलेला पंखा बघून माझे हात शिवशिवायचे.

आता माझ्या हट्टाचं सांगतो. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. बापानं पाळली, मी पाळली. शोभाच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झालेली, मूल नव्हतं. मी जायचो ते पिशवीत पाण्याची बाटली घेऊनच. पहिली काही वर्षं ती तांब्या घेऊन पुढं यायची, मी मान हलवायचो. मग तिनं यायचं सोडलं. एकदाच म्हणाली, "अप्पा, तुमची बाटली दिसली की लोकांनी न बोललेलं सगळं मला ऐकू येतंय." मी ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला बाटली घेऊनच गेलो. रीत म्हणजे रीत.

त्या साली जावयाचा फोन यायचा थांबला. एरवी आठवड्याला यायचा, या वेळी बारा दिवस झाले. जहाज कंपनीच्या कचेरीतून सांगायचे, जहाज ठीक आहे, रेंज नाही. शोभानं जेवण टाकलं. मी रोज जाऊ लागलो, बाटली घेऊन. व्याह्यांनी गस्त नवाची साताला आणली आणि गट वाढवत वाढवत पार पश्चिमेला नेले. त्या खोट्या समुद्रात आपल्या पोराचं जहाज नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी डोळे पडद्यावरून हलत नव्हते.

तेराव्या दिवशी त्यांनी शोभाला डावीकडं बसवलं, मला उजवीकडं. मधोमध कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाण्याचा तांब्या. म्हणाले, "गस्तीवर उपाशी माणूस चालत न्हाय. त्याची नजर फिरते. एक जरी जेवला न्हाय तर मी विमान माघारी नेणार."

शोभा म्हणाली, "मामा, मला भूक न्हाय. आणि अप्पा तर हितं खातच न्हाईत."

"हितं म्हंजी कुटं?"

"घरात."

व्याह्यांनी दांड्यावरचा हात न काढता पडद्याकडं बोट केलं. "घर कुटं दिसतंय तुला? किनारा दोनशे मैल मागं ऱ्हायला. पाव्हणं, सांगा की, आपण कुणाच्या घरात हाय?"

मी पडद्याकडं बघितलं. चारी बाजूंनी पाणी. शोभा माझ्याकडं बघत होती, डोळे खोल गेलेले. मी म्हणालो, "हितं तर घर न्हाय दिसत." भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. कडक भाकरीचा आवाज सगळ्या खोलीत झाला. मग तिनं मोडला. त्या दिवशी आम्ही दोघं दोन दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि तांब्यातलं पाणी मी समुद्रावर प्यालो.

चौदाव्या दिवशी, विमान परतीवर असताना, फोन आला. जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून आत जायची वाट बघत उभं होतं, एवढंच. शोभा रडत बोलत होती. व्याही म्हणाले, "त्याला म्हणावं, बाप हवेत हाय, उतरला की बोलतो." पण विमान सारखं डुलत होतं. निजवलेलं इंजिन त्यांनी जागं केलं, चारी पंखे फिरले, आणि मला उगाच बरं वाटलं. उतरले, पोराशी बोलले, आणि वहीत लिहिलं, 'काही दिसलं नाही.'

व्याही गेल्या वर्षी गेले. खाकी शर्ट अजून त्या खुर्चीच्या पाठीवर आहे, शोभा तो धुते आणि परत तिथंच टाकते. तिला अजून मूल नाही. आता नवाच्या सुमाराला मी कधी त्या घरी असलो तर नजर आपसूक तिकडं जाते. पण जास्त आठवते ती फोन आल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी बाटली खुंटीलाच ठेवून निघालो होतो. गेलो तर कॉम्प्युटर बंद, व्याही सदऱ्यात पेपर वाचत बसलेले. "आज रजा हाय पाव्हणं," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. समुद्र कुठंच नव्हता. फरशी, भिंती, भांड्यांचा आवाज, सगळं माझ्या लेकीचं घर. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि म्हणालो, "शोभे, तहान लागलीय, पाणी दे की."