जिन्याचं भाडं

वाशीच्या घरात आम्ही नवे होतो, तेव्हा रोज सकाळी एक परका म्हातारा आमच्या बिल्डिंगमध्ये शिरायचा. अंगात बनियन, गुडघ्यापर्यंत लुंगी, पाय अनवाणी. चौथ्या मजल्यापर्यंत चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. बेल कुणाचीच वाजवायचा नाही. उतरताना मात्र प्रत्येक मजल्यावर भिंतीला हात लावून थांबायचा. दारोदारी दुधाच्या पिशव्या असायच्या, म्हणून मी दाराच्या भिंगातून पाळत ठेवली. शेवटी एकदा अडवलंच.

"कोणाकडे जायचंय?"

"कोनाकडंच नाय. मी बाजूच्या गावातला. साखर हाय मला, डॉक्टर बोलतो रोज जिना चढ. आमचं घर बैठं, जिना कुठनं आनू?" मग जिन्यातल्या दिव्याचं बटण बंद करत म्हणाला, "फुकट नाय चढत. उजाडलं तरी तुमचे दिवे चालूच, ते मीच बंद करतो."

मला पटलं नाही. असं कोण करतं? मीच मीटिंगमध्ये विषय काढून खाली जाळीचं दार बसवून घेतलं. म्हातारा परत दिसला नाही.

पुढे एकदा रजेच्या दिवशी भर दुपारी बाहेरून आलो. जिन्यातले चारही दिवे जळत होते. मीही सवयीने तसाच घरात शिरलो.